परसातला ड्रम आणि विजेची पेटी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. उभा नव्हे, आडवा. माझ्या पोटात विस्तव असतो, वर मांस किंवा मासळी भाजली जाते आणि पाठीवरच्या नळीतून धूर बाहेर पडतो. मला चार पाय आहेत, पण चालता येत नाही. तापलो की माझा पत्रा टक्‌टक् वाजतो, निवताना पुन्हा वाजतो. लोकांना वाटते, लोखंडाचा तो स्वभावच आहे. खरे सांगायचे तर मला स्वस्थता अशी फारशी कधी मिळालीच नाही. का ते सांगतो.

मी जन्मलो तेव्हा साधा तेलाचा ड्रम होतो. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये साबणाचा एक कारखाना होता. तिथे माझ्यातून खोबरेल तेल यायचे. एकदा फोर्कलिफ्टचा धक्का लागून माझी कड वाकली आणि मला भंगारात काढले. पावसापाण्यात मी वर्षभर पडून होतो. माझ्या शेजारचे ड्रम एकेक करून ट्रकमधून जात होते. ते कुठे जातात ते कुणी परत येऊन सांगत नव्हते. माझी पाळी कधी येईल या विचाराने मी नुसता बेचैन असे.

त्या कारखान्यात मार्सेल नावाचा वेल्डर होता. कोलबाडच्या बाजूला ख्रिस्ती वस्तीत त्याचे कौलारू घर होते, मागे विहीर आणि परस. १९८४ साली त्याने साहेबांना विचारून मला घरी नेले. दोन रविवार खपून त्याने मला लांबीत कापले, वरच्या अर्ध्या भागाला बिजागऱ्या लावून झाकण केले, खाली लोखंडी पाय जोडले, आत सळ्यांची जाळी बसवली आणि झाकणावर धुरासाठी नळी जोडली. मग माझ्यात लाकडे घालून असा जाळ केला, की तेलाचा जुना वास पार जळून गेला. इतका मोठा जाळ मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. भीती वाटली, पण जाळ विझला तेव्हा लक्षात आले, की आता मी भंगार राहिलो नाही.

मार्सेलने हे सगळे केले ते बायकोसाठी. तिचे नाव डॉरिस. घरात गॅस आला तेव्हा स्वयंपाकघरातली चूल काढून टाकली होती. त्या चुलीवर आढ्याला टांगून डॉरिसची आई बिट्रिस डुकराचे मांस धुरावर सुकवायची. चूल गेली तसे ते मांसही गेले, आणि डॉरिसला त्याची फार रुखरुख होती.

बिट्रिस आजी मला बघायला परसात आली. काठीने तिने माझ्या पोटावर दोनदा ठोकले.

"मार्सेल, हे इंजिन कशाला आणलंस?" तिने विचारले.

"इंजिन नाही, आई. यात धूर कोंडून राहतो. चुलीवर आठ दिवस लागायचे, ते यात एका सकाळी होईल."

"एका सकाळी होतं ते मांस नव्हे. ते नुसतं शिजलेलं डुक्कर."

तर मित्रांनो, त्या घरात मी आलो तो नव्या जमान्याचे यंत्र म्हणून. आज मला जुना म्हणतात. आजीला मी कधीच पसंत पडलो नाही. पण ती जाण्यापूर्वीच्या शेवटच्या नाताळात तिने माझ्यावरचा एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे." डॉरिस ते वाक्य पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत होती.

डॉरिसचा हात काय होता म्हणून सांगू. आदल्या दिवशी ती मांसाला लसूण, व्हिनेगर आणि उन्हाळ्यात कांडून बाटल्यांत भरलेला घरचा मसाला लावून ठेवायची. सकाळी माझ्या एका टोकाला कोळसे पेटवायची, मांस दुसऱ्या टोकाला ठेवायची, म्हणजे आच थेट लागत नसे. कोळशांवर पेरूच्या ओल्या काटक्या आणि सोडणे, म्हणजे नारळाची वरची साले, टाकली की धूर व्हायचा. तिच्याकडे घड्याळ नव्हते, आच मोजायचा काटा नव्हता. जाळीवर तळहात धरून ती मनातल्या मनात आकडे मोजायची. सहाच्या आत हात काढावा लागला तर आच जास्त, दहापर्यंत राहिला तर कमी. तीन तास ती माझ्यापाशी उभी असे. सारखे झाकण उघडायची, वाकून बघायची, तुकडे फिरवायची.

तिचे कौतुक वस्तीभर झाले. सणाला, बाप्तिस्म्याला, लग्नाच्या आदल्या दिवशीच्या जेवणाला तिला बोलावणे यायचे, आणि मार्सेल मला हातगाडीवर घालून न्यायचा. वर्तकनगरच्या कॉलनीतली कारखान्यातली मंडळी रविवारी मुद्दाम यायची. मार्सेल समोर खुर्ची टाकून बसायचा आणि पाहुण्यांना मी कसा बनलो ते सांगायचा. चेंदणी कोळीवाड्यातली शेवंती आठवड्यातून दोनदा मासळी घेऊन यायची. ती डुकराचे मांस खात नसे, म्हणून डॉरिस तिच्यासाठी जाळी घासून आधी बांगडे भाजायची. दोघी विहिरीच्या कट्ट्यावर बसून ते खायच्या. त्या वर्षांत मला वाटायचे, माझ्याइतका सुखी ड्रम ठाण्यात दुसरा नसेल.

पण सुखाच्या त्या दिवसांतही काहीतरी खटकत होते. डॉरिस खोकायची. आधी नुसती झाकण उघडल्यावर, मग झाकण बंद असतानाही. पुढे विहिरीचे पाणी ओढताना ती मध्येच थांबू लागली. शेवंतीने एकदा विचारलेही, "डॉरिसबाय, ह्यो खोकला कवाचा गो?" डॉरिस म्हणाली, "हवा बदलली की होतो." हवा बदलून गेली तरी खोकला राहिला. मला ते ऐकू येत होते. मला बोलता मात्र येत नव्हते.

डॉरिसचा मुलगा लिनो तेव्हा बहारीनला होता. मोठमोठ्या शीतपेट्या दुरुस्त करायचे त्याचे काम. १९९४ च्या डिसेंबरात तो दोन महिन्यांच्या रजेवर आला. डोंबिवलीच्या एका मुलीशी त्याचे लग्न ठरत होते. येताना त्याने एक मोठे खोके आणले. त्यातून चकचकीत पोलादाची पेटी निघाली. पुढे काचेचे दार, वर आकड्यांची गोल चकती, लाल दिवा आणि बाजूला लाकडाचा भुसा घालायचा छोटा खण. विजेवर चालणारी, मांसाला धूर देणारी पेटी होती ती. तिच्या प्लगच्या जाड चौकोनी पिना आपल्याकडच्या भोकांत जाईनात, म्हणून लिनोने आधी तो प्लगच बदलला. मग पेटी मागच्या पडवीत, माझ्यापासून दहा पावलांवर ठेवली.

पहिल्या दिवशी त्याने तिच्यात डुकराची बरगडी ठेवली, चकती फिरवली आणि सरळ पेपर वाचत बसला. मला ते विचित्र वाटले. विस्तवापाशी माणूस नको? अडीच तासांनी घंटी वाजली. मांस छान झाले होते, हे मी कबूल करतो. मार्सेलने दोनदा घेतले. डॉरिसने एक तुकडा खाल्ला.

"चांगलं झालंय," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

लिनो तिच्या मागे गेला. "मम्मा, आता तुला त्या ड्रमपाशी उभं राहायला नको. बटण लाव आणि बस."

"बसून काय करू?"

"नुसती बस. आराम कर."

"आईची चूल गेली," डॉरिस म्हणाली. "आता हा पण काढा. मग मला कशाला कोण विचारतंय?"

 मी मनातून सुखावलो. डॉरिस माझ्या बाजूची आहे, एवढेच मला समजले होते. त्या पेटीचा मला राग आला होता, हेही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मार्सेल आणि लिनो माझ्यापाशी येऊन बोलत उभे राहिले. डॉरिस बाजारात गेली होती.

"एवढ्या लांबून ते धूड कशाला आणलंस?" मार्सेलने विचारले. "तिला वाईट वाटलं."

"पापा, मागच्या महिन्यात मी फोन केलेला ना, तीन मिनिटं बोललो. त्यात ती सात वेळा खोकली. तुम्हाला घरात ऐकू येत नाही का?"

"तिला सर्दी असते."

"सर्दी नाही ती. धूर आहे. दहा वर्षं ती हा धूर खातेय. ती पेटी मी मांसासाठी नाही आणली. तिच्यासाठी आणलीय."

मित्रांनो, ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली. ज्या धुरासाठी लोक माझी वाखाणणी करत होते, तोच धूर डॉरिसच्या छातीत साठत होता. पेटीवरचा माझा राग एका क्षणात कुठल्या कुठे गेला. त्या दिवसापासून कुणी कोळशांच्या पोत्याला हात लावला, की मला धडकी भरायची.

पुढच्या रविवारी मुलीकडची मंडळी डोंबिवलीहून जेवायला येणार होती. स्वयंपाक पेटीत करायचा असे लिनोने ठरवले होते. सकाळी तो आणि मार्सेल चर्चला गेले. डॉरिस म्हणाली, "मी संध्याकाळच्या मिसाला जाईन. घर आवरते." दोघे कोपऱ्यावरून वळले आणि ती लगबगीने मागे आली. मसाला लावलेली मोठी तंगडी तिने आधीच झाकून ठेवली होती. होणाऱ्या सुनेच्या माणसांना तिला आपल्या हातचे खाऊ घालायचे होते. घंटी वाजवणाऱ्या पेटीचे नव्हे.

तिने माझ्यात कोळसे घातले. पेटू नयेत असे मला फार वाटत होते. पण लोखंडाला नाही म्हणता येत नाही. कोळसे पेटले, सोडणे धुमसू लागली. त्या दिवशी खाडीवरून वारा होता. तास झाला असेल. डॉरिसने झाकण उघडले, वाकली आणि तिला उबळ आली. ती थांबेचना. एका हाताने माझा पाय धरून ती खाली बसली. चेहरा काळवंडला. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता. हाक मारायलाही तिच्यात दम नव्हता.

झाकण उघडेच होते. तंगडीची चरबी वितळून कोळशांवर पडली आणि भडका उडाला. माझ्यातून काळाकुट्ट धूर निघू लागला. मी एवढेच करू शकत होतो, आणि तेही मी करत नव्हतो, ते आपोआप होत होते. कुणीतरी तो धूर बघावा म्हणून माझा जीव तडफडत होता.

शेवंतीने तो पाहिला. पाहुण्यांसाठी ती पापलेटे घेऊन येत होती, तिचा नवरा गोमाजी सायकलवर टोपली घेऊन मागे होता. डॉरिसच्या ड्रममधून असा काळा धूर तिने कधी पाहिला नव्हता. ती पुढच्या दाराने न येता थेट परसात आली. क्षणभरही न घालवता तिने डॉरिसला काखेत धरले, ओढत विहिरीपलीकडे उघड्यावर नेले आणि आपल्या अंगावर टेकवून ताठ बसवले.

"बोलू नको. बस गो अशी. मी हाय," ती म्हणत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "रिक्षा आण. आणि मार्सेलला सांगायला तू हितंच थांब."

दोघी रिक्षातून हॉस्पिटलला गेल्या. गोमाजीने माझे झाकण लावले, नळीत ओले गोणपाट कोंबले. आग गुदमरून विझली. तंगडीचा कोळसा झाला होता. पाहुण्यांना निरोप गेला, आणि परसात जळकट वास तेवढा राहिला.

डॉरिस वाचली. डॉक्टरांनी सांगितले, फुप्फुसे धुराने आजारी झाली आहेत, थोडा उशीर झाला असता तर कठीण होते, आणि यापुढे धुरापाशी अजिबात जायचे नाही. संध्याकाळी मार्सेल घरी आला तो पडवीतला घण घेऊनच माझ्याकडे आला. त्याने एक घाव घातला. माझ्या झाकणाला खोल पोचा पडला. मला दुखले नाही. उलट वाटले, घाल अजून.

लिनोने त्याचा हात धरला.

"पापा, थांबा. आमच्या कामावर मशीनमुळे माणसाला इजा झाली, तर मशीन फोडत नाहीत. चालवून बघतात. कुठं चुकलं ते कळल्याशिवाय पुढचं काही करत नाहीत."

 मार्सेलने घण खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला पेटवले. जाळीवर एक कोंबडी ठेवली आणि डॉरिस उभी राहायची तिथे तो उभा राहिला. दहा वर्षांत पहिल्यांदाच. माझ्यामागे परसाची भिंत होती. भिंत आणि मी यांच्यामध्ये जेमतेम दोन हातांची जागा, आणि डॉरिस तिथेच उभी असायची, कारण मांस ठेवायचे टोक, काटक्या, मसाल्याचे भांडे सगळे त्या बाजूला होते. मार्सेलने झाकण उघडले. ते भिंतीच्याच बाजूने उघडत होते. धुराचा लोट त्याच्या तोंडावर आला. तो डावीकडे सरकला, तिथे भिंतीवर आपटून वारा धूर परत आणत होता. नळी तर त्याच्या हनुवटीपर्यंतच येत होती. डॉरिसच्या ती बरोबर नाकाशी येत असणार. अर्ध्या तासात त्याचे डोळे लाल झाले. तासाने तो बाहेर येऊन खोकत बसला.

"नळी आखूड आहे," तो म्हणाला. "कारखान्यात तेवढाच तुकडा मिळालेला. झाकण उलट्या बाजूनं लावलंय. ही सगळी माझीच कामं."

लिनोने त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला.

"मी समोर बसून लोकांना सांगायचो, बघा कसा बनवलाय. एकदा पण ह्या बाजूला आलो नाही रे."

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला इतके वाईट कधी वाटले नव्हते, आणि इतके हलकेही.

आठवड्याने डॉरिस घरी आली. मार्सेलने तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला वाटायचं धूर असतोच. आई पण चुलीपाशी खोकायची. मी कधी विचारच नाही केला."  त्यानंतर दोन दिवस ती नुसती घरभर फिरायची, डबे पुसायची, पुन्हा पुसायची. हात रिकामे ठेवणे तिला जमत नव्हते.

तिसऱ्या दिवशी लिनो तिच्यासमोर वही घेऊन बसला. "मम्मा, पेटीत कातडी नरम राहते. कुरकुरीत होत नाही. काय करू?"

"आधी मांस पुसून कोरडं केलंस का?"

"नाही."

"मग कशी होईल? व्हिनेगर ओलं असतानाच ठेवतोस." ती पडवीत खुर्ची ओढून, पेटीचा धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला बसली. "आणि ती चकती एवढी फिरवू नको. कमी कर. वास बघ ना, मसाला करपतोय."

"आकडा बरोबर आहे, मम्मा. पुस्तकात दिलाय."

"पुस्तकवाल्यानं आपला मसाला कुठं खाल्लाय?"

लिनोने चकती कमी केली. त्या दिवशीचे मांस आधीपेक्षा सरस झाले, हे पेटीनेही मान्य केले असते.

मार्सेलने इकडे मला हाती घेतले. भिंतीपासून काढून परसाच्या मोकळ्या भागात नेले, झाकण फिरवून बसवले आणि पुरुषभर उंच नवी नळी जोडली. पेटीत शिजलेले मांस शेवटची दहा मिनिटे माझ्यावर, निखाऱ्यांच्या मोठ्या आचेवर कुरकुरीत करायचे, अशी युक्ती डॉरिसनेच काढली. काटक्या नाहीत, सोडणे नाहीत, धूर जवळजवळ नाहीच. ते काम मार्सेलचे. डॉरिस घरातून, काचेच्या बंद खिडकीआडून हाताने खुणा करायची, फिरव, आता काढ.

जानेवारीत पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी दोन घास खाऊन विचारले, "हे कशावर केलंय? त्या ड्रमवर की त्या इलेक्ट्रिकवर?"

"कशावर ते नंतर, आधी कुणी केलं ते विचारा," डॉरिस हसून म्हणाली. "माझा लेक आणि माझा नवरा. मी नुसती बसून होते."

तिने आयुष्यात पहिल्यांदाच असे सांगितले होते, आणि सांगताना तिला लाज वाटली नाही.

लग्नानंतर लिनो परत परदेशी गेला नाही. डोंबिवलीला कारखान्यात लागला आणि ठाकुर्लीला तिसऱ्या मजल्यावर घर घेतले. पेटी त्याच्याबरोबर गॅलरीत गेली. माझ्यासारख्याला तिथे कोण ठेवणार? १९९८ मध्ये वस्तीत इमारती उठू लागल्या, मार्सेल आणि डॉरिसही लेकाजवळ राहायला गेले. पुन्हा भंगाराचा ट्रक येतो की काय म्हणून मी अस्वस्थ होतो. पण शेवंती आली. गोमाजीने मला हातगाडीवर घालून चेंदणीला, खाडीच्या काठी नेले.

तिथे मी अजून आहे. माझ्यावर बांगडे आणि बोंबील भाजले जातात. वारा फिरतो, तेव्हा शेवंतीची सून कधी नकळत धुराच्या बाजूला येते, आणि माझा पत्रा टक्‌टक् वाजू लागतो. ते तिला कळत नाही. शेवंतीला दिसते, ती तिला खांद्याला धरून बाजूला सरकवते. माझी बेचैनी गेली नाही, मित्रांनो, आणि जाऊ नये असेच मला आता वाटते.

मला घासा, तेल लावा, पावसात झाका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. लोखंड आज ना उद्या गंजणारच. जुने चांगले की नवे, याचा निवाडाही मी करणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. पुढच्या वेळी कुठे विस्तवावरचे काही चविष्ट मिळाले, तर ताट हातात घेण्याआधी, ते करणारे माणूस जिथे उभे आहे तिथे जाऊन पाच मिनिटे उभे राहा. डोळ्यांतून पाणी आले, तर तिथे काहीतरी दुरुस्त करायचे राहून गेले आहे. आधी ते करा. मग जेवायला बसा.